लॅपटॉपला वायफाय लागत नाही: दुकान गाठण्याआधी घरी काय बघाल

वायफायची तक्रार घेऊन सांगलीतल्या माझ्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपना मी स्क्रू ड्रायव्हर लावतच नाही. टेबलावर ठेवला, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड टाकला, की नेट लगेच चालू. मालक ओशाळतो, "ताई, घरी खरंच लागत नव्हतं हो!" मला ते पटतं. घरी लागत नसतंच. पण दुखणं लॅपटॉपात नसून भिंतीवरच्या राउटरात असतं, नाहीतर त्या राउटरात येणाऱ्या वायरीत. उलटही होतं. केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसलेल्या काकांच्या लॅपटॉपवर एअरप्लेन मोड चालू असतो, आणि केबलवाला बिचारा हेलपाटे घालून दमलेला असतो.

तेव्हा कुठलंही बटण दाबण्याआधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ते सोडून माणसं आधी राउटर रिसेट करतात, मग ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) उडवतात, मग भाच्याला बोलावून विंडोज नव्यानं टाकतात. शेवटी मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यात नव्यांची भर पडते.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहे. पडद्यावर जी नावं इंग्रजीत दिसतात ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

बिघाड कुठल्या बाजूला?

नेट घरात दोन टप्प्यांनी येतं. कंपनीकडून राउटरपर्यंत वायरीनं, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून. वायफाय म्हणजे फक्त हा दुसरा टप्पा. कोपऱ्यातल्या चिन्हावर सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या तर दुसरा टप्पा ठीक आहे एवढंच कळतं, नेट आलंय असं नाही. रेघांच्या जागी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दिसलं, तर लॅपटॉप राउटरपर्यंत पोचला आहे पण पुढे काही सापडत नाही, असं विंडोजचं म्हणणं.

पहिली तपासणी मोबाइलनं. मोबाइल घरच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. हे दुसरं लोक हमखास विसरतात. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो, व्हॉट्सॲपचे मेसेज येत राहतात, आणि "मोबाइलवर तर चालतंय की" म्हणून सगळा दोष लॅपटॉपच्या माथी. डेटा बंद केल्यावर आधी कधी न उघडलेली एखादी साइट उघडून बघा. रोजची पानं फोननं साठवून ठेवलेली असतात, ती नेट नसतानाही उघडल्यासारखी दिसतात.

दुसरी तपासणी उलट बाजूनं. मोबाइलचा डेटा परत चालू करून हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा. लॅपटॉप जुना असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. ५ वर असेल तर जुन्या लॅपटॉपला तो हॉटस्पॉट दिसतच नाही, आणि तुम्ही उगाच लॅपटॉप बिघडला म्हणाल.

डेटा बंद केल्यावर मोबाइलवरही नेट नाही आणि लॅपटॉप मात्र हॉटस्पॉटवर चालतो, तर लॅपटॉप निर्दोष आहे. त्याला परत पिशवीत ठेवा, राउटरकडे चला. मोबाइल घरच्या वायफायवर व्यवस्थित आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवरही आडमुठा, तर बिघाड लॅपटॉपात. आणि मोबाइल घरी चालतो, लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो, फक्त लॅपटॉप आणि घरचा राउटर या दोघांचंच जमत नाही, हा सगळ्यात चिवट प्रकार. त्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

राउटरकडे आधी नुसतं बघा

फायबरची लाइन असेल तर डब्यावरच्या दिव्यांत एकाखाली पी-ओ-एन आणि एकाखाली एल-ओ-एस अशी अक्षरं असतात. पहिला दिवा स्थिर हिरवा हवा. दुसरा विझलेला हवा. तो लाल लागला असेल किंवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. मग लॅपटॉपमध्ये काहीही केलंत तरी फरक पडायचा नाही. आमच्याकडे गाळप हंगामात हे फार होतं. उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबली ओढत नेतात, आणि अख्ख्या गल्लीच्या राउटरवर लाल दिवे लागतात. अशा वेळी शेजाऱ्याला एक हाक मारा. त्याचंही गेलं असेल तर केबलवाल्याला फोन लावून स्वस्थ बसायचं.

शेजाऱ्याचं चालू आणि तुमचाच दिवा लाल, तर घरातली वायर बघा. डब्यात जाणारी बारीक वायर, बहुतेक घरी पिवळी असते आणि तिच्या टोकाला हिरवं कनेक्टर असतं, ती सोफ्याच्या पायाखाली चेंगरलीय का, खिळ्याभोवती करकचून गुंडाळलीय का ते पाहा. आत काचेचा केसाएवढा धागा असतो. तांब्याच्या वायरीसारखी ही काटकोनात मोडली तर प्रकाश बाहेर निसटतो. सैल करून मोठ्या वेटोळ्यात ठेवली की कधीकधी लाल दिवा तिथल्या तिथे जातो. कनेक्टर काढून आत डोळा लावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

दिवे ठीक आणि तरी कुणालाच नेट नाही, तर आधी रिचार्ज संपलंय का बघा. हसू नका, महिनाअखेरीला हेच निघतं. नंतर राउटर बंद करून मिनिटभर थांबा, मग चालू करा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही बंद करा, आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिरावले की मग राउटर. चालू केल्यावर तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका. घाईनं चालू-बंद, चालू-बंद करणाऱ्यांना नेट कधीच सापडत नाही.

आता महत्त्वाचं. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, शेजारी 'रिसेट' लिहिलेलं. तिथे टाचणी घालू नका. रीस्टार्ट वेगळं आणि हे वेगळं. दहा-पंधरा सेकंद ते दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड गेले तर ते परत घालता येतात. पण गावाकडच्या आणि लहान शहरांतल्या पुष्कळ लाइनींना राउटरमध्ये कंपनीचं एक युजरनेम आणि पासवर्ड भरून ठेवलेला असतो, त्याशिवाय लाइन उघडत नाही. तो फक्त केबलवाल्याच्या पोराकडे असतो, आणि ते पोरगं रविवारी फोन उचलत नाही. रिसेट करायचंच असेल तर ही माहिती आधी कागदावर घ्या.

अडॅप्टरकडेही नजर टाका. लोडशेडिंग, इन्व्हर्टर, व्होल्टेजचे झटके खाऊन तो म्हातारा होतो. दिवे लागतात, पण चार मोबाइल जोडले की राउटर आपोआप बंद होऊन परत चालू होतो. बदलताना नव्या अडॅप्टरवर व्होल्ट जुन्याएवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. घरात पडलेला सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसली म्हणून लावायचा नाही. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे.

२.४ की ५?

हा भाग नीट वाचा. "मोबाइलला दिसतं, लॅपटॉपला दिसतच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आजकालचे राउटर दोन बँडवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण सावकाश आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे मान टाकतो. जुन्या वाड्यातली दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत असेल तर एकीतच. स्वस्तातल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाला फक्त २.४ कळतं. तुमचं कुठलं ते बघायला स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्स या ओळीखाली वायफाय कार्डाचं नाव दिसेल. नावात 'ड्युअल बँड' किंवा 'एसी' किंवा 'एएक्स' असेल तर दोन्ही चालतात. 'बीजीएन' किंवा नुसतं 'एन' असेल तर बहुधा फक्त २.४.

नव्या राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाखाली झाकलेले असतात. सोय म्हणून ठीक, पण तपासायला डोकेदुखी. राउटरच्या पानावर जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, एकाच्या शेवटी ५ लिहा. राउटरचं पान उघडायचं म्हणजे ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा आकडा टाकायचा. तो राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डब्याला १९२.१६८.२९.१. वायफाय लागतच नसेल तर हे मोबाइलवरूनही होतं.

त्याच पानावर सिक्युरिटीचा पर्याय बघा. नवा राउटर आल्यापासून फक्त जुनाच लॅपटॉप पासवर्ड बरोबर असून नाकारला जात असेल, तर राउटर बहुधा निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर, म्हणजे वायफायच्या कुलपाच्या नव्या पद्धतीवर आहे. त्या लॅपटॉपच्या कार्डाला किंवा ड्रायव्हरला ते कळत नाही. डब्ल्यूपीए-२ पर्सनल, किंवा २ आणि ३ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडा. उघडं, बिनपासवर्डचं ठेवून "बघा, लागलं की!" असं करू नका.

मग चॅनेल, म्हणजे बँडातल्या गल्ल्या. २.४ मध्ये भारतात १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न भिडणारे तीनच निघतात: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वीस घरांचे वीस राउटर या तिघांतच दाटीवाटीनं बसतात आणि लग्नाच्या पंगतीत सगळे एकदम बोलायला लागावेत तसं होतं, कुणाचंच कुणाला नीट ऐकू जात नाही. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर जातीचं एखादं ॲप टाकून कुठल्या चॅनेलवर गर्दी कमी ते बघा आणि तिघांतला तो निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो, पण शेजाऱ्यांचा गोंगाटही दुप्पट अंगावर घेता. १२ आणि १३ मोकळे दिसले तरी टाळा. परदेशातून आणलेल्या काही लॅपटॉपना ते दिसत नाहीत. अमेरिकेतल्या मुलानं सुट्टीत आणून दिलेला लॅपटॉप घरच्या वायफायचं नावसुद्धा दाखवत नाही, यामागे हेच निघू शकतं.

५ मध्येही अशी एक गंमत आहे. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात. त्यामुळे ५ वालं नाव अधूनमधून गायब होऊन परत येत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक ठेवा.

राउटरच्या जागेबद्दल तीनच वाक्यं, कारण सांगून लोक ऐकत नाहीत. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत राउटर ठेवू नका. घराच्या मध्याला, डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवा. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ अडखळणार, कारण दोघं एकाच पट्ट्यात काम करतात.

लॅपटॉपमध्ये काय बघायचं

वायफायचं चिन्हच नाहीसं झालंय किंवा बटण राखाडी पडलंय, तर आधी कळफलक बघा. वरच्या ओळीत एका कळीवर विमानाचं किंवा मनोऱ्याचं चित्र असतं. एफ-एन दाबून ती कळ दाबा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ही कळ आपोआप दाबली जाते असं समजा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या काही लॅपटॉपना पुढच्या कडेला किंवा बाजूला सरकतं बटणच असे. ते बॅगेत घासून बंद होतं आणि मालकाला ते बटण आहे हेच माहीत नसतं.

नंतर रीस्टार्ट. शटडाउन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर यंत्रणा पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हरची अवस्था साठवून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. काल अडकलेलं कार्ड आजही अडकलेलं. "रोज बंद करते की मी!" असं सांगणाऱ्या शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप एका रीस्टार्टनं सुरळीत होतो तो असा. तेवढ्यानं नाही झालं तर बंद करा, चार्जर काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. कार्डात उरलेली वीज निघून जाते आणि गायब झालेलं कार्ड पुष्कळदा परत दिसतं.

नाव दिसतंय पण जोडलं जात नाही: वायफायच्या यादीत घरच्या नावावर उजवी क्लिक करून 'फर्गेट' करा आणि पासवर्ड नव्यानं घाला. राउटर बदलला आणि नाव जुनंच ठेवलं असेल तर हे हमखास लागतं. पासवर्ड घालताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं बघत टाका. स्टिकरवरचा शून्य की ओ, एक की एल, हा घोळ दुकानातसुद्धा होतो. दुसरं एक कारण विसरलं जातं: कुणीतरी हौसेनं राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे ठरलेल्याच उपकरणांना आत घेणारी यादी, लावलेला असतो, आणि नव्या लॅपटॉपचा मॅक नंबर त्या यादीत नसतो.

जोडलं जातं, पण नेट नाही, आणि मोबाइलला मात्र आहे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग घरच्या नावाचं प्रॉपर्टीज. खाली उतरत जा, आयपीव्ही-४ ॲड्रेस, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला लॅपटॉपचा पत्ता, दिसेल. या एका ओळीतून मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर लॅपटॉपनं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक बनवून घेतला. अशा पत्त्यावर नेट कधीच चालत नाही. राउटर रीस्टार्ट करा. घरात टीव्ही, कॅमेरे, बल्ब, पाहुण्यांचे मोबाइल असं बरंच जोडलेलं असेल तर नको ती काढा. कंपनीनं दिलेल्या साध्या डब्यांची ताकद मर्यादित असते.

तो १९२.१६८ नंच सुरू होतोय, पण त्यातला तिसरा आकडा राउटरच्या तिसऱ्या आकड्याशी जुळत नाही, म्हणजे राउटर १९२.१६८.१.१ आणि लॅपटॉप १९२.१६८.०.५०, तर कुणीतरी पत्ता हातानं कायमचा घालून ठेवलाय. ऑफिसातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून आलेल्या लॅपटॉपना ही सवय असते. तिथेच 'आयपी असाइनमेंट' समोर एडिट दाबा आणि 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' करा.

पत्ता ठीक, तरी नेट नाही, तर पिंग करा, म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, सी-एम-डी ही तीन अक्षरं लिहा, एंटर. काळी खिडकी उघडते, घाबरायचं नाही. इंग्रजीत पिंग, एक मोकळी जागा, आणि राउटरचा आकडा लिहून एंटर. चार उत्तरं आली आणि वेळ एक ते दहा मिलिसेकंदांत असेल तर हवेतला टप्पा उत्तम. वेळ शेकड्यांत, किंवा मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', तर हवेतच गडबड आहे. परत वरचा बँड-चॅनेलचा भाग. राउटर उत्तर देतो, मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तेही उत्तर देतंय आणि साइट मात्र उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस अडलाय. विंडोज ११ असेल तर वरच्याच पानावर 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' मध्ये मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि दुसरा १.१.१.१ घाला.

पिंगचा एक उपयोग फार कुणी करत नाही. आकड्यानंतर एक मोकळी जागा, उणे चिन्ह आणि टी हे अक्षर जोडलं की पिंग थांबतच नाही. तसं चालू ठेवून लॅपटॉप हातात घ्या आणि घरभर फिरा. हॉलमध्ये दोन, पॅसेजमध्ये पाच, देवघरापाशी दीडशे, बेडरूमच्या दारात टाइम्ड आउट: वायफाय कुठे मरतं त्याचा नकाशाच मिळतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

पिंग सगळीकडे जातंय, काही साइट उघडतात, काही 'सुरक्षित नाही' म्हणतात? कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा बटन सेल संपला की तो चालू करताना काही वर्षं मागे जातो आणि साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. तारीख हातानं दुरुस्त करा, सेल नंतर बदलून घ्या. त्याच दमात सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी आणि व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणाऱ्या सोयी, बंद आहेत का तेही पाहा. घरून काम करणाऱ्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर ऑफिसचा व्हीपीएन अर्धवट लटकलेला असतो. मात्र लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काही स्वतः उपटू नका, त्यांच्या आयटीवाल्याला विचारा.

दर दहा मिनिटांनी तुटतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट टॅब, आणि 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे' या अर्थाच्या इंग्रजी ओळीसमोरची खूण काढा. हा टॅब काही नव्या लॅपटॉपवर नसतो, तिथे पुढे जा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' असेल तर राउटरजवळ बसणाऱ्यांनी ५, लांबच्या खोलीत बसणाऱ्यांनी २.४ निवडावं. नाहीतर लॅपटॉप दोन बँडांत येरझाऱ्या घालत राहतो आणि दर फेरीला मीटिंग तुटते.

अपडेटनंतर सुरू झालं असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक' बघा. ते राखाडी असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'फुकट ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं नकोत. ती काढायला माझ्याकडे येणारे लॅपटॉप वायफायसाठी येणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत.

"नेट नाही तर ड्रायव्हर उतरवू कसा?" मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड असेल तर घरच्या वायफायवरचं नेटसुद्धा असं केबलमधून लॅपटॉपला मिळतं, सिमचा डेटा जात नाही. परीक्षेचा फॉर्म आज रात्री भरायचा आहे अशा वेळीही हाच मार्ग.

हे सगळं करून झालं तरच 'नेटवर्क रिसेट'. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड भागात सगळ्यात खाली आहे. साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन त्यात पुसले जातात, म्हणून शेवटी.

आता दुकानात आणा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाची ओळच नाही, तीस सेकंदांचा उपायही करून झाला. किंवा राउटरशेजारी बसलं तर नेट फुल्ल आणि चार पावलं मागे गेलं की शून्य. हा दुसरा प्रकार मी न उघडता ओळखते. आत कार्डावर दोन केसासारख्या वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढ्या पितळी बटणांवर दाबून बसवलेल्या असतात. त्या बिजागरीतून वर जातात, कारण अँटेना बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेला असतो. रॅम किंवा एसएसडी वाढवताना कुणाचा हात लागून बटण निघतं, किंवा बिजागरी तुटलेली असताना पडदा उघडझाप करून वायर आतल्या आत कातरते. अँटेनाशिवाय कार्ड अगदी जवळचंच ऐकतं. म्हणून दुकानदाराला "वायफाय चालत नाही" एवढंच सांगू नका. "मागच्या महिन्यात रॅम टाकली" किंवा "बिजागरी कुरकुरते" हेही सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

कार्ड मेलं असेल तर बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूवर बसलेलं असतं आणि बदलता येतं. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र मदरबोर्डावरच चिकटवलेलं असतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना लॅपटॉप उघडायचाच नाही त्यांच्यासाठी, यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं वायफाय कार्ड. घ्यायचाच तर ड्युअल बँड घ्या. लॅपटॉपच्या एका बाजूला बाहेरची हार्ड डिस्क निळ्या यूएसबी-३ पोर्टात लावत असाल तर डोंगल दुसऱ्या बाजूला लावा, कारण यूएसबी-३ च्या केबलमधून २.४ च्या पट्ट्यात खरखर सुटते. दुसऱ्या बाजूला पोर्टच नसेल तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं लावून टाका.